कोरड्या तळ्यातलं पोहणं

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी मुरुडच्या आटलेल्या तळ्यातून सरळ कचेरीत जायचो. तळ्यात रोज एक म्हातारा दिसायचा. धोतर भिजू नये तसं वर खोचलेलं. तरण्या कुत्र्याच्या पोटाखाली उपरण्याची झोळी घालून तो त्याला उचलून धरायचा, आणि कुत्रं हवेत चारी पाय मारायचं.

"ह्याचा खुबा अन् गुडघे कच्चे हायेत," तो म्हणाला. "डॉक्टरनं रोज पोहायला लावा म्हणलंय. न्हाईतर बसूनच ऱ्हाईल."

"पण पाणी?"

"ते डॉक्टरच्या हातात न्हाई."

मी हसून निघालो, तसा तो काळजीनं म्हणाला, "सायेब, मधून जाऊ नका. तिथं लई खोल हाय."

बदली होईपर्यंत मी काठाकाठानंच गेलो.