चहापुरती थांबणारी गाडी

आमची गाडी वागायची ती जावयासारखी. सकाळी पुढचं हँडल अर्धं फिरवताच सुरू व्हायची, चार-पाच मैल झोकात पळायची, आणि तापलेली असताना बंद केली की रुसून बसायची. मग हँडल मारून मारून ह्यांचा खांदा दुखून यायचा, तरी ती ढिम्म.

हे म्हणजे माझे यजमान. पन्नास सालानंतरची ती वर्षं. चाकणला ह्यांचा दवाखाना नुकता बाळसं धरत होता. मी नर्सिंग शिकलेली, म्हणून आसपासच्या गावांतल्या बायकांना तपासायला मीही सोबत जायची. गाडी युद्धाच्या आधीची होती, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. साहेबाला ती विकायची एवढी घाई का होती, ते आम्हाला नंतर कळलं.

चिंचवडच्या मिस्त्रीकडे ती दोनदा नेली. तो आधी हातातलं काम संपवायचा, मग बिडी ओढायचा, मग आमच्याकडे वळायचा, आणि तोवर गाडी अशी शहाण्यासारखी सुरू व्हायची की तो माझ्याकडेच संशयाने बघायचा. "वहिनी, हिला काय धाड भरली नाही," असं सांगून तो आम्हाला वाटेला लावायचा. ह्यांचा संशय पेट्रोलवर होता. उन्हाने नळीतलं पेट्रोल उकळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

मग आम्ही आमच्यापुरती तोड काढली. जिथे पाच-दहा मिनिटांचं काम, तिथे इंजिन बंदच करायचं नाही. गाडी दारात घुरघुरत ठेवायची, पेशंट बघायचा आणि निघायचं.

कुरुळीच्या वाटेवर एका गावाबाहेर वस्ती होती. गावाबाहेर म्हणजे कुणाची, हे त्या काळात कुणाला सांगावं लागत नसे. तिथल्या एका म्हातारीची सून सातव्या महिन्यात होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि आता पायांवर सूज होती, रक्तदाबही वाढलेला. तिला दर आठवड्याला बघणं भागच होतं.

एकदा आम्ही तपासून निघालो तेव्हा म्हातारी कपबशी घेऊन उंबऱ्यात उभी होती. गुळाचा चहा, वर वाफ. हे घाईने म्हणाले, "गाडी चालू आहे आजी, तापल्यावर बंद केली की परत सुरू होत नाही. पुन्हा कधीतरी."

"पुन्यांदा, पुन्यांदा, किती डाव?" म्हातारीचा आवाज चढला. "गावात मोठ्या घरी ताटावर बसता. तवा न्हाई व्हय गाडी चालू ऱ्हात? आमच्याच दारात बरी ऱ्हाती. न्हाई पिणार ते सरळ सांगावं. उद्यापास्नं येऊ बी नका. सुनेचं आमी बघू."

आणि तिने चहा आमच्या देखत अंगणात ओतला.

परतताना मी रडले. संतापही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. आमच्या मनात तसलं काही नव्हतं. पण मनातलं दिसतं कुणाला? दिसत होती ती गाडी. मोठ्या घरापुढे बंद आणि हिच्या दारात चालू. ती खोटं काय बोलली? ह्यांना काळजी होती ती आता सुनेला बघायचं कसं, ह्याची.

माझं डोकं मात्र भलतीकडेच गेलं. मोठ्या घरी जेवण-सुपारी होईस्तोवर तास सहज जायचा, आणि नंतर गाडी पहिल्याच हँडलला सुरू व्हायची. मिस्त्रीकडेही तेच. चहापुरतं थांबलं की नाही, जेवणापुरतं थांबलं की हो. मग त्या तासाभरात बॉनेटखाली थंड होत होतं ते काय?

दुसऱ्या दिवशी दवाखाना उरकल्यावर मी ह्यांना देहूच्या रस्त्याला गाडी काढायला लावली. निघण्याआधी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि ह्यांना हँडल फिरवायला सांगितलं. निळी, तडतडीत ठिणगी. मग पाण्याची कळशी आणि जुन्या धोतराची फडकी घेऊन आम्ही निघालो. एका चिंचेखाली गाडी चांगली तापलेली असताना बंद केली. थोडं थांबून हँडल मारलं. अर्थातच ढिम्म.

आधी ह्यांच्या मताला मान. ओलं फडकं पेट्रोलच्या नळीवर गुंडाळलं. हँडल. काही नाही. पुन्हा गार पाणी, पुन्हा हँडल, तरी काही नाही. मग मी तीच वायर पुन्हा लोखंडाजवळ धरली. ठिणगी पिवळट, मरतुकडी, कधी पडे, कधी नाही.

"म्हणजे पेट्रोल नव्हे," मी म्हणाले. "वीजच पोचत नाही."

ठिणगीची वीज कॉइलमधून येते एवढं मला ठाऊक होतं. इंजिनाला खेटून बसवलेला तो पत्र्याचा डबा. त्याला बोट लावलं तर चटकाच बसला. मी फडकं घट्ट पिळलं, वायरींना पाणी लागू न देता त्या डब्याभोवती गुंडाळलं, आणि पुरेसा वेळ जाऊ दिला. दुसऱ्या हँडलला गाडी सुरू!

हे लहान मुलासारखे नाचायचे बाकी होते. मी म्हटलं, "आता फडकं काढा, फेरी मारू आणि परत बंद करू."

"बऱ्या झालेल्या रोग्याला पुन्हा आजारी पाडतेस?"

"योगायोग नव्हता ना, हे कळायला नको?"

फडक्याशिवाय तेवढाच वेळ थांबूनही रुसली. फडकं बांधलं की सुरू. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

पुण्याहून दुसरी कॉइल आणली. ती बसवून आम्ही थेट वस्तीवर गेलो. बोलावणं नव्हतंच. ह्यांनी म्हातारीच्या दारात गाडी उभी केली आणि बंद केली. ती बाहेर आली, आमच्याशी न बोलता बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"तापलीया."

"हो."

"आन् बंद केली?"

"केली."

"परत न्हाई चालली तर?"

हे म्हणाले, "बिघडलेला डबा बदललाय. तरीही नाही चालली, तर आज मुक्काम तुमच्याकडं."

म्हातारी आत गेली. मागोमाग आम्हीही. तिने चूल फुंकली. हे घोंगडीवर मांडी घालून बसले आणि मी पडद्यामागे सुनेकडे गेले. तिचं तोंड सुजलं होतं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणाली. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी रक्तदाब बघितला आणि हळूच म्हणाले, "पुण्याला न्यायला हवं. आत्ताच."

सुनेला मागे निजवलं. म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी चहापुरतीच थांबली होती, म्हणजे तिच्या रुसायच्या नेमक्या घटकेला. ह्यांनी हँडल घातलं.

पहिल्या फेऱ्याला इंजिन लागलं.

वस्ती मागे पडली. मग मागून म्हातारीचा आवाज आला, "म्हंजी खरंच गाडीतच कायतरी व्हतं. मला वाटलं, आमच्यातच हाय."