रामटेकच्या निळ्या रेषेची गोष्ट

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. नोकरीचे दिवस सुखाचे गेले एवढंच नातवंडांना सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. कोणत्या तालुक्यात कारखान्यांतून किती माल निघतो, याचे तक्ते आम्ही करायचो. कळमेश्वर माझ्याकडे होतं. तिथं नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. रामटेककडच्या भातगिरण्या माझ्या मित्राकडे. त्याचं गावही तिकडचंच. सोमवारी सायकलवर निघायचा, गिरण्यांतून फॉर्म भरून घ्यायचा, रात्री आपल्या घरी आईवडिलांजवळ राहायचा आणि धानाचं शेतही बघायचा. शनिवारी घरचे पोहे घेऊन कार्यालयात यायचा. मग चहाबरोबर आमचा वाद रंगे, पुढं कोण, त्याचं रामटेक की माझं कळमेश्वर.

"तुह्या कळमेश्वरात पाट्याच दिसून राहिल्या गा," तो म्हणायचा. "मशिना कुठी हायेत?"

एका वर्षी साहेबांनी दहा वर्षांचा आलेख मागितला, दोन्ही तालुके एकाच कागदावर. माझं अक्षर चांगलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मित्रानं जुन्या फॉर्मचे गठ्ठे आणून दिले. कळमेश्वरला लाल शाई घेतली, रामटेकला निळी. लाल रेषा उशिरा सुरू झाली, पण चढत गेली. निळी चांगली वर होती, ती मधेच गडावरून घसरल्यासारखी खाली आली. एका वर्षात माल जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर. मी थांबून विचार करायला हवा होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. माझं कळमेश्वर जिंकलं होतं.

साहेबांनी आलेख भिंतीवर लावला आणि सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. मग मित्राला बोलावून विचारलं, "गिरण्या तेवढ्याच, मग माल गेला कुठं? फॉर्म झाडाखाली बसून भरले का?"

"साहेब, कोंड्याचे ढीग मी सोताच्या डोयानं पाह्यले," तो म्हणाला.  पुढच्या आठवड्यात त्याचा दौरा बंद झाला. आवक-जावकच्या टेबलावर बसून तो पाकिटांना तिकिटं लावू लागला. नागपुरात खोली केली, घरी जाणं रविवारपुरतं उरलं.

महिनाभरानं गठ्ठे परत बांधताना माझी नजर जुन्या फॉर्मच्या कोपऱ्यावर गेली. त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं: मण. घसरण जिथं सुरू झाली, तिथपासूनच्या फॉर्मवर लिहिलं होतं: क्विंटल. गिरण्यांनी माप बदललं होतं. अडीच मणांहून थोडं जास्त म्हणजे एक क्विंटल. मी नुसते आकडे उतरवले होते. कळमेश्वरच्या वसाहतीत मणांचा संबंधच नव्हता, म्हणून लाल रेषा शाबूत राहिली.

पुढच्या वर्षी मी निळी रेषा गुपचूप सुधारली. तळाशी 'मापात दुरुस्ती' असं लिहिलं. साहेब बदलले होते, कुणी विचारलं नाही. मित्राचा दौरा काही परत सुरू झाला नाही. त्यानंही कधी तक्रार केली नाही. शनिवारी पोहे येतच राहिले, फक्त आता ते मंडईतले असायचे.

निवृत्तीनंतर तो गावी राहायला गेला. मी तीनदा बसनं त्याच्याकडे गेलो, प्रत्येक वेळी हेच सांगायला. तो बांधावरून हिंडवायचा, नव्या तांदळाचा भात वाढायचा, "अजून घे गा" म्हणायचा. त्याचा चेहरा इतका समाधानी असायचा, की मी भाताची तारीफ करून परत यायचो. मागच्या उन्हाळ्यात तो वारला.

बसमध्ये जे मनात घोकत जायचो, ते इथं लिहितो. फॉर्म तू बरोबर भरले होतेस गा. मणांवर मी नजर टाकली नाही, आणि कळल्यावरही तोंड उघडलं नाही. तुझं घर माझ्यामुळे लांब गेलं. मले माफ कर.