माझ्या मुठीतली टीप

सरांनी बिलाच्या काळ्या फोल्डरमधली शंभराची नोट उचलली आणि माझ्या हातात ठेवली. नुसती ठेवली नाही, वरून माझी बोटं मिटवली.

"वेटरला दोनशे फार होतात. हे तू घे, रिक्षाला होतील. सकाळपासून पळतेयस बिचारी."

टेबलाभोवती ऑफिसचे सातजण बडीशेप चघळत होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. केतकी तर म्हणाली, "सो स्वीट, सर." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थँक्यू, सर." हे मी लपवणार नाही. तोंडातून तेच निघालं.

समोर दत्ताभाऊ उभे होते, उष्ट्या प्लेटा हातावर रचून. ते आमच्या मळवलीचे, आमच्याच आळीतले, त्या हॉटेलात वेटर. त्यांच्या फोल्डरमधली नोट माझ्या मुठीत गेलेली त्यांनी पाहिली. मग प्लेटा घेऊन ते आत गेले.

मी त्या टेबलावर वाढायला नव्हते, जेवायला बसले होते. बी. कॉम. करून तुंगार्लीतल्या ऑफिसात अकाउंट्सला लागले होते. शनिवार-रविवारसाठी बंगले भाड्याने देणारं ऑफिस. केतकी जे काम करायची तेच मी करायचे, बरेचदा तिचंही. फरक एवढाच की ती पर्मनंट आणि मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पर्मनंट करायचं की नाही, ते सर ठरवणार. आमचे आप्पा मळवलीला एका बंगल्याची राखण करतात. त्यांचे गुडघे गेलेत. मी पर्मनंट झाले की त्यांनी काम सोडायचं, असं घरात ठरलं होतं. त्यामुळे त्या ऑफिसात मी सगळ्याला हो म्हणायचे.

ऑफिसात पद्धत होती. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सगळ्यांनी बाहेर जेवायचं. बिल सर कार्डाने भरणार आणि मग सगळ्यांनी सारखी काँट्री, म्हणजे आपापला वाटा, त्यांना फोनवर पाठवायची. कोणी काय खाल्लं, हे विचारणं म्हणजे कोतेपणा.

पहिल्या महिन्यात मी वरण-भात आणि ताक घेतलं. बाकीच्यांनी स्टार्टर, चिकन, मासे, वर आइस्क्रीम. माझ्या वाट्याला सहाशे दहा आले. मला वाटलं, फोनवरचा आकडा चुकला. चुकला नव्हता. पाठवले. त्या महिन्यात आईच्या डोळ्यांचं औषध आणायला आठ दिवस उशीर झाला.

दुसऱ्या महिन्यात मी शहाणपणा केला. पैसे जाणारच आहेत तर खाऊन घेऊ, म्हणून मीही सगळं मागवलं. सवय नव्हती, जाईना. केतकी माझ्या ताटाकडे बघून सरांना म्हणाली, "आज वसूल करतेय वाटतं." सगळे हसले. मीसुद्धा हसले. असल्या वेळी हसण्याखेरीज माणूस दुसरं काय करणार?

तिसऱ्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "सर, मी माझ्यापुरते दिले तर चालेल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू मी ताटात शिंकले होते. मग सर मोठ्या मनाने म्हणाले, "अरे, हिचं सोडा. हिचं आपण करू."

म्हणजे माझ्या वाट्याचे पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. मला एकदम बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कारण सहाशे रुपये वाचले होते. त्याच्या बदल्यात काय गेलं, ते पुढच्या महिन्याच्या गुरुवारपर्यंत मला कळलं नाही.

त्या गुरुवारी मी टेबलाच्या टोकाला बसले. कुणी बसवलं नाही, आपोआप बसले. सर म्हणाले, "जरा बघ ना, रोट्या का येत नाहीत?" मी उठले. केतकी म्हणाली, "माझा चार्जर गाडीत राहिलाय गं." मी उठले. कुणी मुलाला बरोबर आणलं होतं, त्याला हात धुवायला न्यायचं होतं. मी उठले. मग हे ऑफिसातही सुरू झालं. चहाचे कप, झेरॉक्स, खंडाळ्याच्या बंगल्यावर गिऱ्हाइकाला चाव्या पोचवणं. "हिचं आपण करतो ना" हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. दाखवायची गरजच नव्हती. मलाच आतून वाटायचं की आपण यांचं खाल्लंय. हे सर्वांत वाईट. त्यांनी मला नोकर केलं त्याहून वाईट, की मी आपणहून पदर खोचला.

आणि पाचव्या महिन्यात ती नोट.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "जेवलीस का गं?" मी व्हय म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या नोटेचं काय करायचं, ते कळेना. फेकावी तर शंभर रुपये फेकायची आमची ऐपत नाही. ठेवावी तर पर्समध्ये हात घालवत नव्हता.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी त्या हॉटेलवर गेले. दत्ताभाऊ खुर्च्या उतरवत होते. मी नोट पुढे केली.

"भाऊ, ही तुमची."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, राहू दे पोरी. तसं काही म्हणाले नाहीत. नोट घेतली.

"व्हय, माजीच हाय," ते म्हणाले. "माजी म्हंजे आमा सगळ्यांची. टिपा आमी डब्यात टाकतो. रविवारी वाटप व्हतंय. भांडी घासणाऱ्या मावशीलाबी त्यातनंच जातं."

मी म्हणाले, "मी मागितली नव्हती, भाऊ. सरांनी दिली."

"मला दिसलं की. पर तू घेतलीस." मग खुर्ची पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "आमी टीप घेतो त्यात काय लाज न्हाई. आमचं कामच हाय वाढायचं. तुजं तितं काय काम हाय, ते तू बघ."

बस. एवढंच. कानाखाली बसावी तसं झालं. आप्पांना बंगल्याच्या मालकाकडून दिवाळीला बक्षीस मिळतं. त्यावर माझी कॉलेजची फी भरली गेलीय. बक्षिसाला मी नावं ठेवणार नाही. आप्पा वर्षभर राबतात आणि मग ते मिळतं. मी मात्र बरोबरीने काम करून, बरोबरीने बसून, भांडी घासणाऱ्या बाईच्या वाट्यातलं उचललं होतं. वर थँक्यू म्हटलं होतं.

सहाव्या महिन्याचा गुरुवार आला. त्याच आठवड्यात माझा प्रोबेशनचा फॉर्म भरायचा होता आणि तो सरांच्या टेबलावर होता. जेवायला जाऊच नये, असंही वाटलं. पण न जाणं म्हणजे त्यांचंच सोपं करणं. गेले. दत्ताभाऊ ऑर्डर घ्यायला आले, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी बोलले. आवाज चिरकला.

"मला एक डाळखिचडी. आणि माझं बिल वेगळं करा."

सर हसून म्हणाले, "अगं, तुझं आम्ही करतो ना. ठरलंय आपलं."

"ठरवताना मला विचारलं नव्हतं, सर."

"एवढा काय इगो?" केतकी म्हणाली. "प्रेमाने करतो आम्ही."

मला खूप काही बोलायचं होतं. रात्रभर घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. मी खाली मान घालून खिचडी खाल्ली. रोट्या उशिरा आल्या, तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. बाकी काही जमलं नाही, पण खुर्ची सोडली नाही.

माझं बिल वेगळ्या फोल्डरमध्ये आलं. एकशे ऐंशी रुपये. मी भरले आणि वर वीसची नोट ठेवली. केतकीने मान वाकवून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वीस?" दोघंजण हसले. माझे कान तापले. वीसच. माझ्या पगारातून तेवढीच निघते. मी ती परत उचलली नाही.

सोमवारी सरांनी फॉर्म समोर ठेवला. "काम चांगले. हिशेब चोख. टीममध्ये मिसळत नाही. प्रोबेशन तीन महिने वाढवावे." खाली माझ्या सहीची जागा रिकामी.

मी त्याचा फोटो काढून घरी दाखवला. आप्पा गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "सायबाची माफी माग. आपल्याला परवडत न्हाई हे." त्यांचं चूक नव्हतं. मला खरंच परवडत नाही. आणखी तीन महिने ते त्याच गुडघ्यांनी गवत कापणार आहेत, आणि ते माझ्यामुळे. हे लिहिताना मला फुशारकी मारायची नाही. रडू येतं.

दुसऱ्या दिवशी सही करायला गेले. फॉर्मवर सहीच्या वर कर्मचाऱ्याच्या म्हणण्यासाठी दोन रिकाम्या ओळी असतात. तिथं कुणी काही लिहीत नाही. मी लिहिलं: "मी सगळ्यांबरोबर जेवते. माझ्या ताटाचे पैसे मी देते. कामाव्यतिरिक्त कुणाचे काम करणार नाही."

सरांनी वाचलं. "हा फॉर्म पुण्याला हेड ऑफिसला जातो, माहितीय ना? मी कोरा देतो दुसरा. नीट विचार कर. पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही."

"माहितीय, सर," मी म्हणाले, आणि त्याच फॉर्मवर सही केली.

तीन महिन्यांनी ते काढतील, असंच वाटतंय. काढोत. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी त्या टेबलावर बसणार आहे, टोकाला नाही, मधे.