आधी कळवून जायचं

गाडी शिकवणारी बाई म्हटलं की लोकांना आधी हसू येतं, आणि तिच्या शेजारी बसल्यावर घाम फुटतो. हिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, त्यावर हिचा पाय कायम तयारीत असे. इतका, की हॉटेलात वेटरच्या हातून पेला पडला तरी टेबलाखाली हिचा पाय जमिनीवर दाबला जाई. तोंडाने फटकळ, पोटात माया. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्याला गाडीतून उतरवायलाही कमी करत नसे.

तिला वाढवलं मावशीने. आई लवकर गेली तेव्हा मावशी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला हेडफोन लावून दिवसभर याची तार त्याला जोडायची. म्हणूनच की काय, मावशीची एक शिस्त होती: आधी कळवल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. सख्ख्या भावाकडे जायचं असलं तरी फोन, समोरच्या घरी सुई-दोरा मागायचा असला तरी फोन. "माणसाला केस विंचरायला तरी वेळ द्यावा गं," ती म्हणे. घरात या शिस्तीची भरपूर थट्टा व्हायची, पण भाचीच्या अंगात ती पुरती मुरली होती.

पुढे मावशीचा खुबा मोडला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि भाची सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीत. शेवटी मावशीनेच हट्ट धरला, "मला त्या वृद्धाश्रमात ठेव. तू कामधंदा सोडून माझ्या उशाशी बसलीस तर दोघी वेड्या होऊ." वृद्धाश्रम गावाच्या टोकाला होता. लांबलचक व्हरांडा, फुलांच्या कुंड्या, गोड बोलणाऱ्या मॅनेजरबाई. ब्रेकबाई दर रविवारी फोन करून जायची. मॅनेजरबाईंना तिचं भारी कौतुक. "तुमच्यासारखे समजूतदार नातेवाईक असले ना, की आमचं काम सोपं होतं बघा." ते किती सोपं होत होतं, हे तिला कुठून कळणार?

ती पोचायची तेव्हा मावशी व्हरांड्यात तयार बसलेली असायची. भांग पाडलेला, गालांना पावडर, अंगात लांब बाह्यांचा धुतलेला स्वेटर. भर उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर. "उकडत नाही का गं?" भाची विचारायची. "म्हातारीला थंडी वाजते," मावशी म्हणायची आणि मॅनेजरबाईंकडे बघायची. हळूहळू तिचं बोलणंच कमी झालं. भाचीने ते वयावर ढकललं. वयावर काहीही खपतं.

एका मंगळवारी ब्रेकबाई पेन्शनरकाकांना गाडी शिकवत होती. काका साठी उलटल्यावर बायकोच्या टोमण्यांना कंटाळून शिकायला आले होते आणि दुसऱ्या गिअरमध्येच सगळं गाव फिरत होते. व्हायचं तेच झालं. इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफ आली, आणि गाडी बंद पडली ती नेमकी वृद्धाश्रमाच्या फाटकाजवळ. "मी काहीसुद्धा केलं नाही," काका म्हणाले. "तेच तर, काका. गिअर बदलायचा होता," म्हणत तिने पाण्याचा कॅन उचलला. सवयीने वृद्धाश्रमाला फोन लावला. तो कुणी उचलेना. पाणीच तर मागायचंय, असं म्हणत ती तशीच आत शिरली.

व्हरांड्यात कुणीच नव्हतं. आतून लघवीचा उग्र वास येत होता. मावशीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी खुर्चीत होती, आणि तिची दोन्ही मनगटं फाटक्या चादरीच्या पट्ट्यांनी खुर्चीच्या हातांना बांधलेली होती. कपडे ओले. ओठ सुकून फुटलेले. पाण्याचा पेला खिडकीत, तिला दिसेल पण हात पोचणार नाही असा. मनगटांवर जुने काळे वळ होते आणि त्यांवर नवे. रविवारचा स्वेटर घडी घालून कपाटावर ठेवलेला होता.

मावशीने वर पाहिलं. "आज रविवार आहे का गं? मी आवरलंच नाही अजून." मग एकदम घाबरून ती कुजबुजली, "तू बाहेर जा. फोन कर आणि मग ये. नाहीतर तू गेल्यावर त्या माझ्यावर..."

ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. दर रविवारचा तिचा फोन म्हणजे या लोकांना दिलेली सूचना होती: आता सोडा, धुवा, सजवा. गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या. तिने त्या दातांनी सोडवल्या, मावशीला घोट घोट पाणी पाजलं, वळांचे फोटो काढले. तेवढ्यात मॅनेजरबाई धावत आल्या. "पडू नयेत म्हणून बांधतो हो, त्यांच्याच भल्यासाठी. तुम्ही आधी कळवलं असतंत तर..."

"तर तुम्ही सोडलं असतंत," ब्रेकबाई म्हणाली. तिने काकांना हाक मारली. दोघांनी मिळून मावशीला गाडीपर्यंत आणलं, काकांनी मागे बसून तिला सावरून धरलं, आणि इंजिनात पाणी ओतून ब्रेकबाईने गाडी सरळ डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांचा दाखला घेऊन ती समाजकल्याण कार्यालयात तक्रार करायला गेली. तिथले साहेब चांगले होते. "तपासणीला येतोय असं त्यांना कळवतो," म्हणाले. तिने टेबलावर हात आपटला. "कळवू नका! असेच चला, आत्ता!" साहेब चमकले, पण उठले. आणखी काही म्हातारी माणसं तशीच बांधलेली सापडली. तिने त्यांच्या घरच्यांना शोधून काढलं आणि एकेकाला सांगितलं, "असाल तसे निघा." वृद्धाश्रमाला टाळं लागलं, मॅनेजरबाईंवर खटला उभा राहिला.

तिने तळमजल्यावर भाड्याने जागा घेतली, सकाळ-संध्याकाळ सोबतीला एक बाई ठेवली, आणि दुपारचे धडे बंद करून टाकले. मावशी आता मऊ भात खात होती, मधूनच हसतही होती. सगळं मार्गी लागलं, असं ब्रेकबाईला वाटू लागलं होतं.

एका दुपारी तिने मावशीला पलंगावर बसवलं, औषध दिलं आणि म्हणाली, "आता जरा पड. मी दुकानातून दूध घेऊन येते."

मावशीने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि दोन्ही हात तिच्यापुढे केले.

"जरा सैल बांध हं," ती म्हणाली.