बाबांचा भाऊ परत आला तेव्हा

माझे काका सोळाव्या वर्षी घर सोडून गेले. आजोबांनी सगळ्यांसमोर मारलं, दुसऱ्या दिवशी ते कुडाळच्या बाजारात जातो म्हणून निघाले आणि परत आले नाहीत. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. आजी असेपर्यंत तिने घराच्या कागदांवरून थोरल्या मुलाचं नाव काढू दिलं नाही. त्यामुळे डोंगरातल्या आंब्या-काजूच्या जमिनीच्या सातबारावर आजही तीन नावं आहेत: आत्याचं, काकांचं आणि बाबांचं.

मी कुडाळजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. दोन वर्षांपूर्वी, भातकापणी नुकतीच संपली होती तेव्हा, मी शाळेतून आले तर ओसरीवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता आणि बाबा त्याचा हात धरून रडत होते.

"चेडवा, पाया पड," बाबा म्हणाले. "तुझो काको इलो."

मी वाकले. त्याने डोक्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. आत्ताच विहिरीवर हातपाय धुतले असतील, असं मी मनाला सांगितलं.

त्याला सगळं माहीत होतं. आजोबा एका पायाने लंगडत, ते. विहिरीजवळच्या फणसाच्या ढोलीत नाग होता, ते. बाबांना लहानपणी घरात ज्या नावाने हाक मारत ते नावही, आणि ते तर मलाही ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं कुठे होतात विचारलं की तो म्हणे, "बोटीर, मग गुजरातेत. सांगण्यासारख्या काय नाय गो." बाबा मला डोळ्यांनी दटावत. माणूस आलाय ना, मग खोदून कशाला विचारायचं?

आत्या बाबांहून अकरा वर्षांनी मोठी. ती दोडामार्गला राहते. बाबांनी तिला त्याच संध्याकाळी फोन लावून दिला, ती दहा मिनिटं नुसती हुंदके देत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे तिला लगेच येता येत नव्हतं. मी फोटो पाठवते म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "फोटो नको. बायेच्या समोर जावन उभो ऱ्हवतलंय." आत्याला बाबा बाय म्हणतात. तोही म्हणाला.

पहिला आठवडा घरात सण असल्यासारखा गेला. तो बाजारातून बांगडे आणी, बाबांचे पाय चेपी, सर्दीवर म्हणून स्वतःच्या हाताने काढा करून देई. दुसऱ्या आठवड्यात बाबा दुपारी झोपले की दिवेलागणीपर्यंत उठेनासे झाले. उठले की जीभ जड. एकदा चालताना भिंतीला धरून उभे राहिले. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर तो म्हणाला, "आनंदान माणूस थकता गो. इतक्या वर्सांचो जीव आज सैल पडलोहा." बाबांनी मान हलवली.

मग कागदाची गोष्ट निघाली. मला वाटणी नको, काही नको, असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. आता म्हणू लागला की डोंगरातल्या जमिनीची कामं बाबांच्याने होत नाहीत, एक मुखत्यारपत्र करून दे, मी बघतो. सोमवारी कुडाळला जायचं ठरलं. मी काही बोलले तर बाबा चिडले. "माझ्या भावावर संशय घेतंस?" असं ते माझ्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

शनिवारी सकाळी मी शाळेला निघण्याआधी तो ओसरीवर मला पुराची गोष्ट सांगत होता. बाबा पाच वर्षांचे असताना व्हाळाला अचानक पूर आला, बाबा पलीकडच्या काठावर अडकले, आणि आपण त्यांना खांद्यावर घेऊन पाण्यातून आणलं. ही गोष्ट मी बाबांच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती. म्हणूनच मी दचकले. शब्दही तेच होते. "पाणी गळ्याक लागला, तरी हात सोडूक नाय," हे वाक्य बाबा जसं मध्ये थांबून म्हणतात, तसंच त्याने थांबून म्हटलं.

शाळा सकाळची होती. मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या टोकाला जाऊन आत्याला फोन केला आणि विचारलं, पुरातून बाबांना कोणी आणलं?

"मी हाडलंय," आत्या म्हणाली. "कित्याक गो?"

"बाबा सांगतात काकांनी आणलं."

"तुझ्या बापाशीक काय आठवता? पाच वर्सांचो होतो. भाव बारा वर्सांचो, तो खंयचो पुरात उतारता! तो काठार उभो ऱ्हवान रडत होतो. पोराक मी खांद्यार घेतलंय, माझ्या पायाक अजून ती खूण आसा."

बाबांना चुकीचं आठवत होतं, ते मी समजू शकत होते. पण त्या माणसाला हुबेहूब बाबांचीच चूक आठवत होती. जे कधी घडलंच नाही, ते त्याने केलं होतं.

मी आत्याला काढा, बाबांची झोप, सोमवारचं मुखत्यारपत्र, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "घरात काय बोला नको. उद्या मी येतंय. आणि बापाशीक तो काढो पिवक देव नको."

घरी बाबा त्याच्याबरोबर एकटे होते. उरलेले तास सोडून मी धावतच गेले.

बाबा झोपले होते. छाती वरखाली होताना दिसली तेव्हा कुठे मी श्वास सोडला. स्वयंपाकघरात तो चुलीपाशी काढा ढवळत होता. माझ्याकडे पाठ होती. वळून न बघता म्हणाला, "बायेक फोन केललंस काय गो?"

त्याला कसं कळलं? की नुसताच अंदाज? मी म्हटलं, "हो. गुडघा कसा आहे विचारलं."

"मग? कसो आसा?"

"बरा आहे."

तो वळला. कितीतरी वेळ तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी हसत राहिले. गाल दुखेपर्यंत हसत राहिले. त्याने काढ्याचा पेला माझ्या हातात दिला. "बापाशीक दी. मी भायर बसतंय."

तो पेला मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि बाटली तांदळाच्या डब्यात खोल दाबली. बाबांना साधं गरम पाणी पाजलं. त्यांनी झोपेतच ते गिळलं. त्यानंतरचा सगळा वेळ मी त्यांच्या खाटेपासून हलले नाही. ओसरीवरून त्याच्या खोकण्याचा आवाज येई तोवर बरं वाटे. आवाज थांबला की तो दाराशी येऊन उभा असेल असं वाटून मान वळवायचं धैर्य होत नसे.

रविवारी सकाळी दहाला रिक्षा फाटकाशी थांबली. आत्या काठी टेकत उतरली. मला वाटलं होतं ती त्याला बघताक्षणी ओरडेल. तिने काठी टाकली आणि त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. "खंय होतंस रे? आवशीन तुझी वाट बघून जीव सोडल्यान रे!" तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, केस मागे सारले, कपाळ कुरवाळलं. बाबाही रडू लागले. आत्याही फसली, आता मी एकटी, असंच मला वाटलं.

पाणी प्यायला म्हणून ती आत आली. माझं मनगट तिने एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"माझ्या भावाची डाव्या कानाची पाळी फाटलेली," ती कुजबुजली. "ल्हान असताना बाळी झुडपात अडाकली आणि वडली. ह्येचे दोनय कान धड आसत. तू शेजारी जावन पोलिसांक फोन कर. मी ह्येका बोलत बसयतंय."

बाबांना कानाची गोष्ट आठवतच नव्हती. आणि बाबांना जे आठवत नव्हतं, ते त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

नारळ सोलून आणते म्हणून मी बाहेर पडले. अंगणातून फाटकापर्यंत पन्नास पावलं असतील. धावायचं नाही, मागे बघायचं नाही, एवढंच मनात घोकत गेले. मागून त्याचा आवाज आला, "लवकर ये गो!" मी हात हलवला.

पोलीस यायला पाऊण तास लागला. तोवर मी शेजारच्या बायका-माणसांना घेऊन परतले होते, पण ओसरीवर फक्त आत्या आणि बाबा होते. लघवीला जातो म्हणून तो मागच्या पोफळीच्या बागेतून निघून गेला होता. पिशवीसुद्धा नेली नव्हती. दुपारी इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याकडे जाणाऱ्या एका टेम्पोत तो सापडला. तेव्हा दाढी काढलेली होती.

आम्हाला मग तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. बाटलीतल्या काढ्यात झोपेचं औषध निघालं. त्याचं वय साठसुद्धा नव्हतं. तो इस्पितळांच्या वॉर्डांत कुणाचातरी नातेवाईक म्हणून बसे आणि म्हाताऱ्यांचं बोलणं ऐके. आदल्या उन्हाळ्यात बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गोव्याला आठ दिवस होते. मला दोनच दिवस राहता आलं. बाकीचे दिवस त्यांनी शेजारच्या खाटेला आपलं सगळं बालपण सांगितलं होतं. त्या खाटेपाशी बसलेला माणूस त्यांच्या लक्षातही नव्हता.

दुसऱ्या एका जिल्ह्यात तो असाच एका एकट्या म्हाताऱ्याचा भाऊ होऊन राहिला होता. ते गृहस्थ तीन महिन्यांत झोपेतच गेले. आता त्यांच्या मृत्यूची पुन्हा चौकशी चालू आहे. हे आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ऐकलं. तो पकडला गेला तेव्हा मुखत्यारपत्राचा सोमवार एकच दिवसावर होता.

बाबांनी अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला, तोही आपलं मालवणी बाजूला ठेवून, शुद्ध मराठीत: "साहेब, त्याला माझा भाऊ कुठे भेटला होता का?" नाही, म्हणाले ते. बाबांनी मान खाली घातली. मला कळलं की कान, काढा, सगळं पटल्यावरही ते एवढीच आशा धरून तिथे आले होते.

आत्याचं म्हणणं पडलं की आता तरी काकांचं नाव कागदावरून काढायचं काय ते बघूया. बाबा म्हणाले, "नाव ऱ्हवांदे." ते खरे काका आज असले तर सत्तरीचे असतील. फाटकाशी कुणी अनोळखी म्हातारा थांबला की बाबा अजूनही ओसरीवरून उठून उभे राहतात. मी त्यांच्या आधी जाते आणि त्या माणसाचा डावा कान बघते. कान फाटका निघाला तर मी काय करीन, ते मला अजून सांगता येत नाही.