पवनचक्कीवरचा बुलबुल आणि आमचा स्पीकर

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

आज आपल्यातले सहाजण पक्षी बघायला दुबईच्या पुढे रास अल खैमाजवळच्या एका शेतावर गेलो होतो. तिथे विहिरीवर जुनी, गंजून बंद पडलेली पवनचक्की आहे. तिच्या खांबावर बुलबुलाचं घरटं.

नर समोर यावा म्हणून आपल्या देशपांडेंनी ब्लूटूथ स्पीकरवर बुलबुलाचाच आवाज लावला. नर लगेच आला आणि पात्यावर बसून जीव तोडून गायला लागला. सगळे खूश, कॅमेरे चालू. अर्धा तास हेच. घरट्यात पिल्लं चोची उघडून बसलेली.

शेवटी शेतावर काम करणारे गुहागरचे गणपतदादा म्हणाले, "साहेब, तो गात नाय. दुसरा नर घरात घुसला असं वाटतंय त्याला. बंद करा ते."

"दोनच मिनिटं दादा, लाइट मस्त आहे," इति देशपांडे.

मी स्पीकर हिसकावून बंद केला. परतताना गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. नका बोलू.

पण ती बुलबुलाच्या आवाजाची क्लिप गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर मीच टाकली होती, "हमखास फोटो मिळतो" म्हणून. तुमच्यापैकी किती जणांच्या मोबाइलमध्ये ती अजून आहे?