केसपेपरवर 'बीपी' लिहिलं होतं

मंडळी, आज मी माती खाल्ली.

धसईच्या एका दवाखान्यात मी दर गुरुवारी मागच्या खोलीत बसते. कोणाला मन मोकळं करायचं असेल तर ऐकते. गोळी नाही, सल्ला नाही, फक्त ऐकायचं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या केसपेपरवर डॉक्टर मुद्दाम 'बीपी' लिहितात, म्हणजे घरी कोणी चौकशी करत नाही.

एक बाई सहा गुरुवार येत होती. पहिले तीन नुसती रडली. मग हळूहळू बोलायला लागली.

आज तिच्यासोबत नवरा आला. हात जोडून म्हणाला, "ताई, हिचं बीपी कसं हाय आता?"

आणि मी दीडशहाणी, कौतुकाने म्हणाले, "छान! वहिनी आता किती मोकळं बोलतात!"

"बोलते? काय बोलते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तो खुर्ची ओढून बसला.

"मंग बोल ना गो. मी पन ऐकतो."

आवाज चढला नाही त्याचा. हसतच होता.

ती म्हणाली, "काय नाय. डोकं दुखतं."

"एवढंच?"

"एवढंच."

जाताना त्याने माझे आभार मानले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

'चुका होतात माणसाकडून' असलं काही खाली लिहू नका. एवढंच सांगा, पुढच्या गुरुवारी ती आली तर कुठल्या तोंडाने तिला 'बोला' म्हणू?

आणि नाही आली तर?